लिलीपॉन्ड: ४० गाण्यांना एकच सेटिंग कसं लावायचं? (सल्ला हवाय)

वसईची_आल्टो
नमस्कार मंडळी. आमच्या चर्चच्या क्वायरसाठी मराठी गाणी स्टाफ नोटेशनमध्ये लिहिते, सगळी लिलीपॉन्डमध्ये (मजकूर टाइप करून नोटेशन छापणारा प्रोग्राम). चाळीसेक झाली आहेत आणि नाताळच्या आत त्यांचं पुस्तक करायचं आहे. आता रडगाणं:

१. स्तोत्रं मुक्त लयीत म्हणतो, त्यामुळे सुरुवातीचं ४/४ (तालाचं चिन्ह, टाइम सिग्नेचर) नको. संगीताच्या ओळीत 'ओव्हरराइड टाइमसिग्नेचर डॉट स्टेन्सिल'ला फॉल्स दिलं, म्हणजे ते चिन्ह काढूच नको. एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि ४/४ आहे तिथेच आहे!
२. शब्द देवनागरीत. वरच्या मात्रा नोटांना चिकटतात. शिवाय माझ्या लॅपटॉपवर एक फॉन्ट येतो, भावाच्या मशीनवर भलताच.
३. बासमधले काका चष्मा लावून म्हणतात, "पोरी, मुंग्या दिसतात."

सेटिंगं प्रत्येक फाइलीत कॉपी-पेस्ट केलीत. परवा एक आकडा बदलायचा होता, अकरा फाइलींत बदलला आणि मग कंटाळून झोपले. म्यूझस्कोर (माउसने नोटा बसवायचा प्रोग्राम) वापर म्हणून कृपया सांगू नका, हात आता टायपिंगला बसलाय.

कंसमहर्षी
ताई, १ नंबरवर आम्ही सगळेच एकदा तरी आपटलोय. ओव्हरराइडमध्ये चिन्हाच्या नावाआधी त्याचं घर (कॉन्टेक्स्ट) सांगितलं नाही तर लिलीपॉन्ड ती ओळ सर्वांत खालच्या घराला, म्हणजे 'व्हॉइस'ला लावतो. टाइम सिग्नेचर राहतो 'स्टाफ'मध्ये. निरोप चुकीच्या दारात पडला, वाचणारं कुणी नाही, म्हणून एररही नाही. 'स्टाफ डॉट टाइमसिग्नेचर' असं लिहा, लगेच जाईल. मापांचे (बारचे) आकडे तर 'स्कोर'मध्ये असतात. लिलीपॉन्डच्या 'इंटर्नल्स रेफरन्स'मध्ये प्रत्येक चिन्हाचं पान आहे आणि ते कोणता एनग्रेव्हर (चिन्ह तयार करणारा लिलीपॉन्डचा भाग) काढतो ते तिथे दिलंय. त्या एनग्रेव्हरच्या पानावर घर सापडतं. मी तो टॅब कायम उघडा ठेवतो.

स्टेन्सिल वगैरे लिहायचीही गरज नाही. 'ऑमिट' म्हणा, काम झालं. 'हाइड' नको: ते चिन्ह पारदर्शक होतं, पण जागा अडवून बसतं, आणि मग क्लेफनंतर (ओळीच्या सुरुवातीचं चिन्ह) ही पोकळी का म्हणून डोकं खाजवाल.

४० गाण्यांसाठी सेटिंगं एका वेगळ्या फाइलीत काढा (आयएलवाय एक्स्टेन्शन द्यायची रीत आहे) आणि प्रत्येक गाण्यात वर 'व्हर्जन'च्या ओळीखाली 'इन्क्लूड' करा. त्या फाइलीत एक 'लेआउट' ब्लॉक, त्यात 'कॉन्टेक्स्ट', आणि आत बॅकस्लॅश लावून 'स्टाफ'. इथे मात्र उलटं: घरात आधीच शिरलेले असता, म्हणून पुढे 'स्टाफ डॉट' लिहायचं नाही, नुसतं 'ऑमिट टाइमसिग्नेचर'. दोन जागा, दोन रीती. चिडू नका, मी चिडून झालोय.

काकांसाठी 'सेट ग्लोबल स्टाफ साइझ'. मूळ आकार २० पॉइंट, म्हणजे पाच रेघांची उंची साधारण ७ मिलिमीटर. २३ करून बघा.

पणजीचा_व्हायोलिन
मापांचे आकडे काढू नका हो! सरावात "बाराव्या मापापासून" म्हणता आलं पाहिजे. मुक्त लयीच्या स्तोत्रांपुरते काढा.

एक विचारतो, जोडाक्षरं कशी तोडता? "सर्व" दोन नोटांवर असेल तर "स -- र्व" की "सर् -- व"?

वसईची_आल्टो
'स्टाफ डॉट'ने ४/४ गेलं!! दोन महिने ते करेक्शन पेनने पुसत होते.

मी "स -- र्व" लिहिते. दिसायला शुद्ध.

पणजीचा_व्हायोलिन
दिसायला शुद्ध, गाताना गोंधळ. रफार दुसऱ्या नोटेवर बसलेला दिसतो, मग निम्मे लोक र् पहिल्या नोटेच्या शेवटी मिटतात आणि निम्मे दुसरीच्या सुरुवातीला. "सर् -- व" असं पाय मोडून लिहिलं की सगळे एकत्र मिटतात. "भक् -- ती"चंही तेच. छापील पुस्तकात डोळ्यांना खुपतं हे मान्य, पण तुमचं पुस्तक गायचं आहे ना?

आणि अक्षरं जवळ आली की लिलीपॉन्ड मधली छोटी रेघ गाळून टाकतो, मग "सर्" आणि "व" दोन शब्द वाटतात. 'लिरिक्स'च्या घरात 'लिरिकहायफन'चं 'मिनिमम डिस्टन्स' वाढवा, रेघ राहील.

मुक्तछंदी
फॉन्टचं: सांगितलेला फॉन्ट मशीनवर नसेल तर लिलीपॉन्ड तक्रार न करता जवळचा दुसरा उचलतो. भावाकडे तेच झालं असणार. 'शो अव्हेलेबल फॉन्ट्स'चा पर्याय देऊन चालवलात तर त्याला दिसणाऱ्या फॉन्टांची यादी मिळते, त्यातलंच नाव जसंच्या तसं टाका. माझी शिफारस मुक्ता: फुकट आहे, 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा आहे आणि लहान आकारातही मात्रा भरत नाहीत. 'लिरिकटेक्स्ट'च्या 'फॉन्ट नेम'ला द्या. पूर्ण पुस्तकाचे फॉन्ट एकदम ठरवायचीही सोय आहे, पण तिची लिहायची पद्धत आवृत्तीगणिक बदलत आलीये. तुमच्याच आवृत्तीचं मॅन्युअल बघा, जुन्या धाग्यांतलं चिकटवू नका.

मात्रा चिकटतात कारण देवनागरीला वर जागा लागते आणि मूळ अंतर रोमन अक्षरं धरून ठेवलंय. 'लिरिक्स'मध्येच 'व्हर्टिकलअॅक्सिसग्रुप'चं 'नॉनस्टाफ रिलेटेडस्टाफ स्पेसिंग' आहे, त्याचं 'पॅडिंग' थोडं थोडं वाढवा. नाव लांबलचक आहे, एकदाच लिहायचंय.

कंसमहर्षी
मुक्तछंदींना +१. पीडीएफ व्हॉट्सअॅपवर टाकण्याआधी 'पॉइंट अँड क्लिक ऑफ' करा. नाहीतर प्रत्येक नोटेमागे तुमच्या मशीनवरच्या फाइलीचा पूर्ण पत्ता जातो, फोल्डरांच्या नावांसकट. माझ्या एका फोल्डरचं नाव 'कंटाळवाणी गाणी' होतं. पुढचं विचारू नका.

वसईची_आल्टो
😂 माझं 'फायनल फायनल २' आहे.

एका फाइलीवर आणलं सगळं, मुक्ता बसला, काकांनी २३ला मान डोलावली. पण एका पानाची काही गाणी आता दोन ओळींनी दुसऱ्या पानावर सांडतात. काकांना परत २० वर आणू?

मुक्तछंदी
अजिबात नको. आधी 'इंडेंट' शून्य करा, पहिल्या ओळीला १५ मिलिमीटर मिळतात. मग 'टॅगलाइन'ला फॉल्स, म्हणजे तळाची लिलीपॉन्डची जाहिरात जाईल. तरी सांडलं तर त्या गाण्यापुरतं 'पेपर'मध्ये 'पेज काउंट' १. हे सामाईक फाइलीत टाकू नका, नाहीतर पाच कडव्यांचं गाणंही एका पानात कोंबायला जाईल.

वसईची_आल्टो
इंडेंटनेच सहा गाणी परत एका पानावर आली. सातवं राहिलंय, त्याला तीन कडवी आहेत आणि काकांना तिन्ही हवीत.