मसाई पठारावर धुक्यातले फोटो करडे येतात, काचेला वाफ धरते

पन्हाळी_वारा:
पावसाळ्यात पन्हाळ्याजवळचं मसाई पठार आणि राधानगरीकडचा राऊतवाडीचा धबधबा, दोन्ही करायचेत. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, १८-५५ किट लेन्स, साधा ट्रायपॉड. गाडीतून उतरलं की लेन्सला वाफ धरते, पुसली तरी परत. धुकं डोळ्याला पांढरंशुभ्र दिसतं, फोटोत राखेसारखं येतं. आणि धबधब्याला एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळी काच) घ्यावाच लागतो का? लेन्सला बुरशी धरू नये म्हणून काय करता, तेही सांगा.

काचकाम:
वाफेचं कारण एसी. गाडीत गार झालेल्या काचेवर बाहेरची ओली हवा पाणी सोडते, थंड ताकाच्या ग्लासाला घाम सुटतो तसं. काच गार आहे तोवर पुसून उपयोग नाही, उलट कपडा ओला होऊन काचेवर ओरखड्यासारखे पट्टे राहतात. पन्हाळ्याच्या वाटेवरचं वाघबीळ आलं की एसी बंद करा, काचा खाली करा, बॅगेची चेन उघडी ठेवा. पठारापर्यंतचा वेळ पुरतो. एसी चालूच ठेवायचा असेल तर कॅमेरा गाडीतच झिपच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि उतरल्यावर २०-३० मिनिटं पिशवी उघडू नका. पाणी पिशवीला धरेल, कॅमेऱ्याला नाही.

किट लेन्स झूम करताना नळी पुढेमागे होते आणि दरवेळी बाहेरची हवा आत ओढते. धुक्यात झूम एका जागी धरून पायांनी पुढेमागे व्हा. तिथे लेन्स बदलू तर अजिबात नका. हूड (लेन्सपुढचं कडं) लावा, वरून प्लॅस्टिकची पिशवी घालून हूडच्या कडेला रबरबँड मारा. दिसायला गबाळं, पण काम चोख.

धुकंवाला:
करडेपणाचा दोष कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा. समोर काहीही असो, त्याला ते मध्यम करड्या रंगाचं करायचं असतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +१ वर घ्या, धुकं दाट असेल तर +१.७ पर्यंत. पडद्यावरच्या चित्रावर विसंबू नका, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा: त्यातला डोंगर उजवीकडे सरकलेला हवा, पण उजव्या भिंतीला चिकटलेला नको. रॉमध्येच (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा. ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगछटा आपोआप ठरवणारी सेटिंग) धुक्याला निळसर करतो, ५५०० ते ६००० केल्विनच्या दरम्यान पक्कं करून ठेवा.

फोकस घरंगळत राहिला तर धुक्याकडे रोखू नका, झाडाच्या बुंध्याची किंवा दगडाची कड धरा. जमलं नाही तर लाइव्ह व्ह्यू मोठा करून हाताने फोकस.

आता खरं सांगायचं तर नुसतं पांढरं धुकं म्हणजे कोरा कागद. पुढे काहीतरी गडद पाहिजे: एकटं झाड, म्हैस, इरलं घेतलेला गुराखी. जवळचं काळं आणि लांबचं फिकं, असे दोन-तीन थर आले की खोली येते. नंतर एडिटिंगमध्ये डिहेजची (धुकं कमी करणारी) पट्टी उजवीकडे ओढून ती खोली मारू नका. शिवाय त्याने सेन्सरवरची धूळ ठिपक्यांनी उठून दिसते.

जांभा_दगड:
पठारावर वारा लई असतो भावा. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नको, बारीक पाय सगळ्यात शेवटी उघड. बॅग टांगलीस तर ती जमिनीला टेकेल अशी टांग, नाहीतर झोके घेऊन उलट हलवते. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हलणं सावरणारी सोय) बंद.

राऊतवाडीला एनडीआधी सीपीएल (चमक मारणारा, फिरवायचा पोलरायझर फिल्टर) घे. ढगाळ उजेडात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/११ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तसं छिद्र बारीक) ला शटर साधारण १/१५ सेकंद मिळतं. सीपीएल दीड स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा), म्हणजे १/५ च्या आसपास. पाण्याला रेशमी धार यायला तेवढं बास. तो फिरवला की ओल्या कातळाची आणि पानांची चमक उतरते, हिरवा रंग मोकळा होतो. हे काम एनडी करत नाही. दोन्ही एकावर एक चढवलेस तर १८ मिमीला कोपरे काळे पडायची शक्यता. एफ/२२ करून शटर लांबवायचा मोह टाळ, बारीक छिद्रातून उजेड पसरतो (विवर्तन) आणि सगळं धूसर पडतं.

पठारावर फुलं आल्यावर जातोस तर पाय मात्र उघड्या कातळावर रोव. मातीचा थर बोटभर, एकदा तुडवला की गेला.

काचकाम:
बुरशीचं राहिलं. कॅमेरा बॅगेत ठेवूच नका, अस्तर ओल धरून बसतं. रबरी कडेचा १०-१२ लिटरचा हवाबंद डबा, २५०-३०० ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ६० च्या वर बुरशीला रान मोकळं, ३० च्या खाली रबर आणि ग्रीसला बरं नाही. तांदूळ घालू नका, त्याची पूड झूमच्या नळीत जाते. महिन्यातून एकदा मागून टॉर्च मारून लेन्स तिरकी करून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की लगेच साफ करायला द्या. उशीर झाला तर बुरशी निघते, पण कोटिंगवरचा डाग राहतो.

पन्हाळी_वारा:
वाघबिळाचं डोक्यात ठेवतो. निळी सिलिका ओल पिऊन गुलाबी झाली की तव्यावर भाजली तर चालेल?

काचकाम:
चालेल, पण मंद आचेवर. ओव्हन असेल तर ११०-१२० अंशांवर दोनेक तास. आच मोठी झाली की दाणे तडकतात, रंग काळपट पडतो. निळ्या सिलिकात कोबाल्ट क्लोराइड असतं, तेव्हा भाकरीचा तवा घेऊ नका, जुनं भांडं कायमचं बाजूला काढा. गरम दाणे झाकणाच्या काचेच्या बरणीत निववा. उघड्यावर ठेवलेत तर निवेपर्यंत परत ओल पितील.