बेसवाल्यानं (बेस गिटार वाजवणाऱ्यानं) स्वतःचा ॲम्प वागवायचा कशाला?

चौथी तार (सांगली)

परवा विश्रामबागेत एका कार्यक्रमाच्या साऊंड चेकला एक जण बोलून गेला, "ज्याच्याकडं स्वतःचा ॲम्प नाही, तो कसला बेसवाला?" चारचौघांत बोलला आणि बाकीच्यांनी मानाही डोलावल्या. तिथं मी गप्प राहिलो, पण ते डोक्यातून जाईना, म्हणून इथं लिहितोय. माझं मत नेमकं उलटं आहे. आपल्या भागात लग्न, हळदी, गणपती, यात्रा असे कार्यक्रम करणाऱ्या बेसवाल्यानं ॲम्पवर पैसे घालू नयेत. एक चांगला डीआय बॉक्स (गिटार थेट मिक्सरला जोडायची छोटी डबी) आणि दोन दणकट केबल घ्याव्यात, उरलेले पैसे घरात द्यावेत.

सतरा वर्षं वाजवतोय. त्यातली पहिली नऊ वर्षं पंधरा इंची स्पीकरचा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) वागवला. तीस किलोच्या पुढं वजन. दुचाकीवर तो जात नाही, म्हणजे प्रत्येक सुपारीला रिक्षा नाहीतर छोटा हत्ती. तेव्हा नाईटचे १,५०० मिळायचे, त्यातले ४००-५०० त्या खोक्याच्या भाड्यातच जायचे. तासगावकडच्या एका हळदीत कार्यक्रम गच्चीवर होता. जिना अरुंद. मी आणि ढोलकीवाल्यानं मिळून तो तीन मजले चढवला. वर गेल्यावर साऊंडवाला म्हणाला, ह्याच्यापुढं लावायला माझ्याकडं माईक शिल्लक नाही. लोकांपर्यंत पोचावं म्हणून मी ॲम्प वाढवत गेलो, गायिका तिचा मॉनिटर (कलाकाराला स्वतःचं ऐकायला स्टेजवर ठेवलेला स्पीकर) वाढवायला सांगत गेली, आणि दुसऱ्या गाण्यापासून माईकच्या शिट्ट्या सुरू.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात तो कॉम्बो गेला. माणसं, कागदपत्रं, गिटार वर नेली. तो तळमजल्यावर राहिला. पाणी उतरल्यावर बघितलं तर स्पीकरच्या कागदाचा लगदा झाला होता. नवा घ्यायला पैसे नव्हते म्हणून मित्राचा डीआय नेऊ लागलो आणि तेव्हा कळलं की नऊ वर्षं काय चुकत होतं.

गिटारच्या पिकअपचा सिग्नल नाजूक असतो, इंपीडन्स मोठा. साधी केबल वीस मीटर ओढून मिक्सरला दिली तर वरची धार मरते आणि वाटेत लाईटच्या वायरींची गुणगुण चिकटते. डीआय तोच सिग्नल बॅलन्स्ड करून, म्हणजे वाटेतली गुणगुण गळून पडेल असा, एक्सएलआरनं (माईकच्या तीन पिनांच्या केबलनं) पाठवतो, मग मिक्सर मंडपाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी चालतं. त्यावर ग्राऊंड लिफ्टचं (केबलमधली अर्थिंगची जोडणी तोडायचं) बटण असतं. जनरेटरवरच्या कार्यक्रमांत त्या एका बटणानं मला कितीदा तारलंय. आपली वीज ५० हर्ट्झची. खालच्या ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा (पडद्यावरचा) जी हा सूर असतो ४९ हर्ट्झचा. हम (विजेची गुणगुण) आला की तो आपल्या सुरावरच येऊन बसतो. ईक्यूनं हम कापायला गेलात तर जी पण जातो. म्हणून तो मुळातच येऊ द्यायचा नाही, आणि ते काम ॲम्पचं नाही, डीआयचं आहे.

कृष्णाकाठ (कराड)

दादा, तुमचं डीआयचं सगळं मान्य. मी पण नेतो. पण "ॲम्प नको" हे नवीन पोरांना सांगू नका, त्यांचं नुकसान होईल.

ॲम्प लोकांसाठी नसतोच. तो वाजवणाऱ्याच्या कानासाठी असतो. खालची मोकळी ई तार ४१ हर्ट्झ. यात्रेत जो दहा-बारा इंची मॉनिटर आपल्याकडं तोंड करून ठेवतात, तो तिथवर पोचत नाही. आपल्याला ऐकू येते ती वरची ८२ ची छटा, आणि कान त्यावरून मूळ सूर जोडून घेतो. घरी शांततेत जोडतो. शेजारी ऑक्टोपॅड आणि ढोलकी सुरू असली की नाही जोडत.

तीन वर्षांपूर्वी एका यात्रेत मी तुमच्यासारखाच नुसता डीआय घेऊन गेलो होतो. मॉनिटर एकच, तो मी आणि ढोलकीवाला दोघांत. त्यात गायकाचा आणि ढोलकीचा आवाज, माझा नावाला. गायकाचा गळा बसलेला. त्यानं ऐन वेळी काळी चारवरून पांढरी पाच, म्हणजे अर्धा सूर खाली, घ्यायची खूण केली, कीबोर्डवाल्यानं ट्रान्सपोजचं (पट्टी बदलायचं) बटण दाबलं, मी बघितलं नाही. अख्खा एक अंतरा मी अर्ध्या सुरानं वर वाजवला आणि मला ते कळलंच नाही! समोर बेस बिनमधून (खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरमधून) हजार लोकांना कळलं. गायक माझ्याकडं वळून बघायला लागला तेव्हा मी बोटं थांबवली. उतरल्यावर मालकानं काही विचारलं नाही, पण पुढच्या दोन सुपाऱ्यांना फोनही आला नाही. पाठीमागं माझा स्वतःचा बारा इंची असता तर पहिल्याच मात्रेला कळलं असतं.

तुम्ही तासगावला गच्चीवर नेलात तो पंधरा इंची जुना खटारा होता. आता क्लास डी प्रकारचं हलकं हेड (स्पीकरशिवायचा नुसता ॲम्प) दोन-तीन किलोचं मिळतं. १९६९ च्या ॲम्पेग एसव्हीटीचं नुसतं हेड चाळीस किलोच्या आसपास भरायचं आणि खाली आठ स्पीकरचं कपाट वेगळंच. ते दिवस गेले. वजनाचं कारण आता उरलेलं नाही.

साताऱ्याचा साऊंडवाला

मी मिक्सरच्या बाजूनं सांगतो. कराडच्या भावांचं दुःख खरं आहे, पण त्याचा त्रास आम्हाला कसा होतो तेही ऐका.

४१ हर्ट्झची लाट आठ मीटरच्या वर लांब असते. ती ॲम्पमधून सरळ पुढं जात नाही, चहूकडं पसरते. स्टेज असतो वीस बाय तीस फुटांचा. म्हणजे तुमचा बेस गायकाच्या माईकमध्ये, ढोलकीच्या माईकमध्ये, सगळीकडं घुसतो. मी तुमचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची पट्टी) पूर्ण खाली घेतला तरी बेस समोर येतच राहतो, आणि तो गढूळ असतो. शिवाय तुम्ही ॲम्प जमिनीवर पायापाशी ठेवता. आवाज गुडघ्याला जातो, कानाला नाही. मग वाढवता. माझी विनंती एवढीच की आणायचाच असेल तर खुर्चीवर ठेवा, कानाकडं तोंड करा, आणि आवाज अर्ध्यावर आणा. नव्वद टक्के भांडण तिथं मिटतं.

दुसरं, रात्री दहाचं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं दहा ते सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत असते, पण ती रोज नसते. पोलीस आले की मी मास्टर खाली घेतो. स्टेजवरचे ॲम्प माझ्या हातात नसतात. लोकांना वाटतं साऊंडवाला ऐकत नाही, आणि दंडाची पावती माझ्या नावानं फाटते.

डावा हात (विटा)

मी ऑर्केस्ट्रा पार्टी चालवतो आणि कीबोर्ड वाजवतो. तुम्ही ॲम्प आणायचा की नाही यावर वाद घालताय, मला प्रश्न पडतो बेसवाला आणायचा की नाही. वाईट वाटेल, पण हिशोब बघा.

सुपारी ३०,००० ची. साऊंड ८,०००, गाडी ४,०००. उरले १८,०००. दोन गायक ३,००० प्रमाणं, ६,००० गेले. ढोलकी, ऑक्टोपॅड, ड्रम २,००० प्रमाणं, आणखी ६,०००. निवेदक १,५००. मी २,५००. उरले २,०००. एवढ्यात बेसवाला घ्यायचा की मालकानं काहीतरी घरी न्यायचं? पार्टी माझी आहे, कर्जावरचा कीबोर्डही माझाच आहे.

म्हणून मी डाव्या हातानं बेस वाजवतो. त्यात कमीपणा नाही. द डोअर्स या अमेरिकन बँडमध्ये स्टेजवर बेसवाला नव्हता, त्यांचा कीबोर्डवाला रे मँझारेक डाव्या हातानं पियानो बेस (बेसच्या सुरांचा छोटा कीबोर्ड) वाजवायचा. नवरीकडची माणसं बेसवाला कुठाय म्हणून विचारत नाहीत. गायिका कुठाय हे विचारतात.

चौथी तार (सांगली)

विट्याच्या दादांना आधी उत्तर देतो, कारण हा घाव ॲम्पपेक्षा खोल आहे.

मँझारेकचं खरं आहे. पण तेच डोअर्स रेकॉर्डिंगला बसले की बऱ्याच गाण्यांना बेस गिटारवाला बोलवायचे. का? कारण बेसमध्ये सूर कधी सुरू होतो याच्याइतकंच तो कधी थांबतो याला महत्त्व असतं. ढोलकीची धुम पडते, तिच्यानंतर अर्ध्या मात्रेत तार दाबून मी सूर बंद केला की त्या मोकळ्या जागेत धुम ऐकू येते. सूर लांबवला तर धुम बुडते. हे मी उजव्या हाताच्या तळव्यानं आणि डाव्या हाताच्या बोटानं करतो, दोन्ही हात तेवढ्याच कामाला लागलेले असतात. तुमचा डावा हात बेस वाजवतो तेव्हा उजव्यात कॉर्ड असते, सुरावट असते, मधेच व्हायोलिनचा आवाज बदलायचा असतो. तुम्ही चांगले वाजवता यात शंका नाही, पण गाणं अवघड झालं की पहिला बळी डाव्या हाताचा जातो. पंचमदांच्या रेकॉर्डिंगला टोनी वाझ फक्त बेससाठी बसायचे. ती गाणी आपण आज वाजवतो, आणि ज्या सुरावर ती उभी आहेत तोच काढून टाकतो.

लोक विचारत नाहीत, हे खरं. पण बेस असताना लोक नाचायला लवकर उठतात, हे मी सतरा वर्षं बघतोय. ते का उठले हे त्यांना सांगता येत नाही, एवढंच.

तुमचा हिशोब मात्र मला खोडता येत नाही. म्हणूनच मी म्हणतो की आपला खर्च कमी करूया. मी २,००० त येतो, बसनं येतो, पाठीला गिटार आणि पिशवीत डीआय. गाडीत माझ्या खोक्याला जागा लागत नाही. ॲम्प घेऊन फिरलो असतो तर मला तुमच्याकडं ३,००० मागावे लागले असते आणि तुम्ही नाही म्हणाला असता.

डावा हात (विटा)

२,००० त येणाऱ्याला मी नाही म्हणत नाही. पण माझे उरतात किती, ते परत वाचा. शून्य. सुपारी ३५,००० ची झाली की पहिला फोन तुम्हाला, हे लिहून देतो. ती होत नाही, कारण शेजारच्या तालुक्यातला दुसरा २२,००० ला ट्रॅक (आधीच रेकॉर्ड केलेलं संगीत) लावून जातो.

काळी दोन (सांगली)

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, दोन वर्षं बेस वाजवते. कराडच्या दादांची ट्रान्सपोजची गोष्ट वाचून पोटात गोळा आला, माझंही असं झालंय.

माझा उपाय ॲम्प नाही. रात्री एक वाजता अनोळखी गावात माझं सामान कोणी उचलेल याची वाट बघत मी थांबू शकत नाही. जेवढं मी एकटी उचलून गाडीपर्यंत नेऊ शकते तेवढंच मी नेते. मिक्सरच्या ऑक्सचं (मिक्सरमधून वेगळा आवाज काढून द्यायच्या जोडणीचं) एक आऊट मागून घेते, छोटा हेडफोन ॲम्प कमरेला आणि कानात वायरवाले इअरफोन. खालचा ई मला मंडपातल्या कुठल्याही मॉनिटरपेक्षा त्यात स्वच्छ ऐकू येतो. लांब एक्स्टेन्शन वायर माझी स्वतःची असते.

एक शिकले ते सांगते. माझी गिटार ॲक्टिव्ह आहे, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी. केबलची पिन गिटारमध्ये असली की बॅटरी चालूच राहते, वाजवत नसलात तरी. साऊंड चेक चारला, कार्यक्रम नऊला, मधले पाच तास मी पिन तशीच ठेवायचे. एका लग्नात तिसऱ्या गाण्याला आवाज फाटायला लागला आणि मेला. आता मी पिन काढते.

तंतुवाद्य (मिरज)

आमच्या घरात तीन पिढ्या सतार-तानपुऱ्याचं काम आहे. २०२४ ला मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरगावची माणसं जास्त येतात, आणि आता गिटारीही येतात.

तुम्ही ॲम्पवर बोलताय, पण माझ्याकडं येणाऱ्या दहा बेसमधल्या आठांची मान वाकलेली असते. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, मान हलते, तार पडद्याला घासते आणि खरखर येते. तानपुऱ्याला आम्ही मुद्दाम जवारी (घोड्यावर तार घासून येणारी झंकार) काढतो, तिथं ती हवी असते. तुमच्या वाद्यावर नको. मानेच्या आत लोखंडी सळई असते, ती पाव फेरी फिरवायची, वाद्य रात्रभर ठेवायचं, मग परत बघायचं. एकदम पूर्ण फेरी फिरवून आणणारी पोरं मी बघितलीत, आटे मारून आणतात. दुसरं, केबलच्या पिना उघडून बघा. सोल्डरचा डाग कच्चा असतो. सगळी खरखर ॲम्पची नसते. वाद्य नीट नसेल तर लाखाचा ॲम्प तीच खरखर मोठ्यानं सांगेल.

कृष्णाकाठ (कराड)

मिरजकर काकांना नमस्कार, गिटार घेऊन पुढच्या आठवड्यात येतो.

ताईचं इअरफोनचं पटतं, तिची अडचणही खरी आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. पण माझ्या कानात वायर असली की मला ढोलकीवाला तुटल्यासारखा वाटतो. तो शेजारी बसून बोलतो, मान हलवतो, मधेच "घे" म्हणतो. ते मला कानात नाही, मोकळ्या हवेत ऐकायचंय. आणि प्रत्येक साऊंडवाल्याकडं जादा ऑक्स असतोच असं नाही. यात्रेत तर मागितला की तोंड फिरवतात.

चौथी तार (सांगली)

हे मान्य करतो. यात्रेत, जिथं मॉनिटर एकच असतो, तिथं माझंही चुकलंय, फक्त तुमच्यासारखं अर्ध्या सुरानं नाही म्हणून मी ते विसरलो. पुढच्या वेळी सुपारी घेतानाच मालकाला दुसरा मॉनिटर सांगून ठेवीन. मिळाला नाही तर ताईसारखी वायर. पण खोका परत पाठीवर घेणार नाही.

साताऱ्याचा साऊंडवाला

यात्रेत ऑक्स मागितला की तोंड फिरवतो, कारण तेव्हा मागता जेव्हा नारळ फुटलेला असतो. चार वाजता मागा. देतो.

कृष्णाकाठ (कराड)

चार वाजता मागतो. ॲम्प खुर्चीवर ठेवतो, अर्ध्यावर ठेवतो. पण आणणार.