धसका, धक्का, आघात: ‘ट्रॉमा’ला आपण काय म्हणतो?

कुरुंदवाडकरीण
शिरोळ तालुक्यात पुरात सापडलेल्या घरांशी बोलायला काही स्वयंसेवक जाणार आहेत. त्यांच्यासाठी मराठी प्रश्नावली करतेय. हातात आलेल्या मसुद्यात ‘मानसिक आघात’, ‘अतिसतर्कता’, ‘भावनिक बधिरता’ असे शब्द आहेत. एका आजींना पहिला प्रश्न वाचून दाखवला, “आपल्याला मानसिक आघात झाला आहे का?” त्या म्हणाल्या, “डोस्कं ठीक हाय माझं.” मग आपणहून सांगू लागल्या. २०१९ च्या पुरापासून पावसाची झड लागली की त्यांना झोप येत नाही. रात्रीतून कितीदा तरी उठून दारातल्या पायरीवर बॅटरी मारतात, पाणी कुठवर आलंय बघायला. रेशनकार्ड आणि सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उशाखाली ठेवतात. २०२१ ला पुन्हा पूर आल्यावर तर ती पिशवी उन्हाळ्यातसुद्धा हलली नाही.

या सगळ्याला गावातल्या माणसाला आपला वाटेल असा शब्द कोणता? आणि ‘सर्व्हायव्हर’ला काय म्हणायचं?

पंचगंगाकाठ
‘धसका’ वापरा. धक्का बसतो आणि माणूस त्यातून सावरतो. धसका माणूस घेतो आणि तो आत राहतो. “पोरानं धसका घेतलाय” असं आई सांगते तेव्हा घटना कधीच होऊन गेलेली असते, पोर मात्र अजून तिथंच असतं. हबकणं त्या क्षणापुरतं. धास्ती पुढं येणाऱ्या गोष्टीची. आजी बॅटरी मारतात ती धास्तीनं, आणि ती धास्ती २०१९ च्या धसक्यातून आलेली आहे. एवढा बारीक फरक आपल्या बोलण्यात आधीपासून आहे, तो प्रश्नावलीत का येऊ नये?

‘अतिसतर्कता’ खोडून टाका. “जरा खुट्ट झालं की दचकून जाग येते का?” एवढं पुरे. बधिरतेसाठी “कशात जीव लागत नाही, सगळं सुन्न वाटतं” असं विचारा.

दसरा चौक
पुरासाठी धसका पटतो. पण पूर येतो आणि ओसरतो. आघातानंतरच्या ताणाचं निदान अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत १९८० साली आलं, तेव्हा डोळ्यासमोर व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले सैनिक होते. म्हणजे तिथंही घटना होऊन गेलेली आणि माणूस घरी परतलेला. जो जाच पिढ्यान् पिढ्या रोज सकाळी नव्यानं सुरू होतो, त्यातला माणूस परतणार कुठं?

अशा जाचाला आपल्याकडे शब्द भरपूर आहेत, पण ते सगळे सोसणाऱ्याचा स्वभाव म्हणून वापरले जातात. बुजरा. मुखदुर्बळ. दबकून वागणारा. ‘कोडगा’ घ्या: बोलणी आणि मार खाऊन खाऊन ज्याला आता काही लागत नाही तो. वर जिला सुन्न होणं म्हटलंय तीच ही अवस्था, फक्त आपण तिची शिवी केली. मारणारा कोण होता हे त्या शब्दात कुठंच उरत नाही. बाईच्या वाट्याला ‘सोशिक’ येतो, तोही कौतुक म्हणून. लग्नाच्या बोलणीत “मुलगी सोशिक आहे” असं अजून ऐकू येतं आणि ऐकणाऱ्यांना बरं वाटतं. ती काय सोसत आली, कुणामुळं, हे कुणी विचारत नाही. मला याचा मनापासून राग येतो.

प्रश्नावलीसाठी एक कामाची गोष्ट. वरती ‘हजेरी’ किंवा ‘हजेरीपत्रक’ असं छापलं असेल तर काढा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. त्यांतल्या माणसांना ठरल्या वेळी पोलिसांपुढं हजेरी द्यावी लागे, परगावी जायचं तर परवानगी काढावी लागे. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ साली ही हजेरी बंद केली. देशात कायदा रद्द व्हायला मात्र १९५२ उजाडलं. आज चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालांकडं वळते, त्यामुळं ती भीती आजोबांबरोबर गेलेली नाही. शाळेत हजेरी हा साधा शब्द आहे. पालावर अनोळखी माणूस कागद-पेन घेऊन “हजेरी घ्यायची आहे” म्हणाला, तर समोरचा खरं काय ते बोलेल का?

माणगावकर
‘सर्व्हायव्हर’बद्दल. ‘ग्रस्त’ मला खटकतो. ग्रासलेला तो ग्रस्त, ग्रहणातल्या चंद्रासारखा. पूरग्रस्त हा पंचनाम्याचा शब्द आहे, मदत मिळायला तो लागतोच. पण माणसाला समोरासमोर तसं म्हणू नये. “पुरातून वाचलेल्या”, “यातून तगलेल्या” असं क्रियापदानं सांगा. तगण्यात माणसाची स्वतःची धडपड दिसते.

आमच्या समाजानं यावर आपली वाट काढली. ‘दलित’ म्हणजे तुडवलेला, भरडलेला. तोच शब्द १९७२ ला दलित पँथरच्या तरुणांनी ताठ मानेनं नावात घेतला, त्यात तुडवणाराही आहे हे जगाला ऐकवण्यासाठी. त्याच्याही आधी ‘जोहार मायबाप’ गेलं आणि ‘जय भीम’ आलं. जोहार वाकून घालायचा असतो. जय भीम म्हणताना कंबर वाकत नाही. १९२० च्या मार्चमध्ये आमच्या माणगावला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला बाबासाहेब अध्यक्ष होते, शाहू महाराज स्वतः आले होते. वाकायची सवय अंगवळणी पडलेल्या माणसांनी त्या दोघांना एका मांडवात पाहिलं. मनाचं सावरणं दवाखान्याबाहेरही होतं, हे मला त्यातून कळतं.

पंचगंगाकाठ
आणखी एक. पुष्कळ बायका “बाहेरचं झालंय”, “झडपलंय” किंवा “अंगात येतंय” म्हणूनच सांगतील. तिथं स्वयंसेवकानं ‘अंधश्रद्धा’ असा शेरा मारू नये. बाईचे शब्द आहेत तसे लिहून घ्यावेत आणि “हे कधीपासून?” एवढंच विचारावं. बऱ्याचदा उत्तरात एखादी तारीख येते, किंवा एखादं माणूस.

कुरुंदवाडकरीण
पहिला प्रश्न आता असा केला: “पुराचा धसका अजून आत आहे असं वाटतं का? पाऊस लागला की काय होतं?” ‘हजेरीपत्रक’ खरंच होतं, काढलं. वाचलेल्या, तगलेल्या हेही घेतलं.

एक अडलंय. आमच्याकडं घरात हिंदी-दखनी बोलणारी कुटुंबं बरीच आहेत. त्यांच्यासाठी ‘दहशत’ चालेल का?

दसरा चौक
नको. मराठीत दहशत बसते ती गुंडाची. पुराबद्दल विचारताना कुणा माणसाबद्दल विचारताय असं वाटेल. ‘डर बैठ गया है क्या’ विचारा, आणि छापण्याआधी त्यांच्यातल्याच कुणाकडून वाचून घ्या.