ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चांगला देव व्हावं का वाईट?

कृष्णाकाठ: 2001 चा ब्लॅक अँड व्हाइट गेम परत लावलाय, त्यात आपण देव असतो आन् गावांची श्रद्धा मिळवायची असती. धान्य देतोय पाऊस पाडतोय तरी शेजारचं गाव काय वळंना. माणसं बळी दिली की ताकद झटक्यात वाढती, मग वाईटच व्हावं का?

मिरजवाला: भावा भीतीनं पण श्रद्धा वाढती, आगीचा गोळा टाक. पण माणसं मेली की शेतात राबायला कोण उरतंय?

सांगलीकर: नको गड्या. गेममधी देवाला एक पाळीव प्राणी असतो, मी गाय घेतलीती, तिनं गावकरी खाल्ला तवा चापट मारायची सोडून कुरवाळली, मग रोजच खायला लागली, मी वाईट देव झालो आन् पडद्यावरच्या माझ्या हाताला नखं फुटली. आम्ही 2019 चा पूर बघितलाय, मोडलेली घरं बघवत नाहीत. एकच चमत्कार सारखा केला की गावकरी कंटाळतात, बदलून बघ.

कृष्णाकाठ: मी नुसतं धान्यच टाकत होतो. आज रात्री बदलून बघतो.