क्लायंट सर्टिफिकेट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये मावत नाही

सर्व्हरलेस फंक्शनमधून (स्वतः सर्व्हर न सांभाळता चालणारा कोड) बँकेसारख्या एपीआयला विनंती पाठवताना ओळख पटवायला क्लायंट सर्टिफिकेट लागतं. ते आणि त्याची प्रायव्हेट की (गुप्त किल्ली) बेस६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (फंक्शनच्या सेटिंगमध्ये) टाका आणि जोडणी सांभाळणारा एचटीटीपीएस एजंट हँडलरच्या बाहेर बनवा, असा सल्ला दिला जातो. लॅम्डावर (अशी फंक्शन्स चालवणारी अ‍ॅमेझॉनची सेवा) सर्टिफिकेट असं ठेवणं सहसा जमत नाही. तिथे सगळ्या व्हेरिएबल्सची मिळून मर्यादा ४ केबी. २०४८ बिटची आरएसए की पेम (मजकूर फाइल) स्वरूपातच १.७ केबीच्या आसपास जाते, बेस६४ केल्यावर आणखी एक तृतीयांश वाढते. त्यात इंटरमीडिएट सर्टिफिकेट (आपलं सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं मधलं सर्टिफिकेट) जोडलं की संपलंच. सीक्रेट्स मॅनेजरमध्ये (गुप्त माहिती ठेवायची अ‍ॅमेझॉनचीच सेवा) ६४ केबीपर्यंत मावतं, शिवाय की कोण वाचू शकतो यावर ताबा राहतो. क्लाउडफ्लेअर वर्कर्स या लॅम्डासारख्याच सेवेचा मार्ग वेगळा: सर्टिफिकेट रँग्लर या तिच्या कमांड-लाइन साधनाने अपलोड करून बाइंडिंग (कोडमधून सर्टिफिकेट वापरायची जोडणी) जोडायचं आणि त्या बाइंडिंगच्याच फेचने विनंती पाठवायची.

एचटीटीपीएस एजंट हँडलरच्या (दर विनंतीला चालणाऱ्या कोडच्या) बाहेर बनवा, हा त्या सल्ल्यातला भाग मात्र शंभर टक्के बरोबर. पण सर्टिफिकेट बदलण्याबद्दल त्या सल्ल्यात काही नाही. आम्ही रत्नागिरीत आंबा व्यापाऱ्यांसाठी बँकेच्या एपीआयवरून बागायतदारांचे पैसे पाठवतो. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी पेट्यांचा हिशेब झाला की विनंत्यांची रांग लागते आणि फंक्शनच्या बऱ्याच प्रती जाग्या असतात. सीक्रेट्स मॅनेजरमधलं सीक्रेट (साठवलेलं सर्टिफिकेट आणि की) बदललं तरी त्या प्रतींच्या मेमरीत जुनंच सर्टिफिकेट असतं. त्याची मुदत संपली की काही पेमेंट जातात, काही हँडशेकलाच (जोडणी सुरू होतानाच्या ओळख-तपासणीला) पडतात, आणि लॉग बघून काही उलगडत नाही. म्हणून आम्ही एजंटला वयोमर्यादा घातलीय. ठरावीक वेळाने सीक्रेट पुन्हा वाचून तो नव्याने बनतो. नवं सर्टिफिकेट जुन्याची मुदत संपायच्या बरंच आधी बँकेकडे नोंदवून घ्या, दोन्ही काही दिवस चालू राहू देत. ऐन हंगामात बागायतदाराचे पैसे अडकता कामा नयेत.