केसरबाई दहा सेकंदांत सापडल्या, पण रात्री ओठांवर काहीच नव्हतं

फोंड्याचा श्रोता: ऐंशीच्या दशकात मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कॅसेट आणायचो. पैसे एकीपुरतेच असत, म्हणून तीच महिनाभर वाजायची. न आवडलेली बाजूही ऐकावी लागे आणि पाचव्या-सहाव्या खेपेला तीच आवडू लागे. गायक जितेंद्र अभिषेकीबुवा मला असेच हळूहळू उमगले. एकदा रेडिओवर अर्ध्यातून कानावर पडलेली चीज कुठली, हे विचारायला मी सायकल मारत मंगेशीला एका पेटीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी राग तर सांगितलाच, वर त्यातली जागा पेटीवर तीनदा वाजवून दाखवली.

परवा १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेली गायिका केसरबाई केरकरांची भैरवी मोबाइलवर शोधली. आपल्या केरी गावची बाई! लगेच मिळाली. साडेतीन मिनिटांची. शेवटचा सूर विरतो न विरतो तोच पुढचं काहीतरी आपोआप सुरू झालं. संध्याकाळपर्यंत वीसेक गाणी झाली आणि रात्री एकाचीही ओळ गुणगुणता येईना. फार वाईट वाटलं. तुमचं काय होतं?

सांग्याची: काका, माझं उलटं आहे. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी गाव साळावली धरणाखाली गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतं, हे लहानपणापासून ठाऊक. त्यांचा आवाज मात्र कॉलेजात असताना मोबाइलवरच पहिल्यांदा ऐकला. घरी जाऊन आजीला ऐकवला. ती कुर्डीचीच, धरणामुळे उठून आलेली. संपल्यावर बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "परत लाव."

पेटी-साखळी: ते आपोआप पुढचं लागणं आधी सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. मी शिष्यांना आठ दिवसांसाठी एकच ध्वनिमुद्रण देतो. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं चाले, तेवढ्यात अख्खा राग उभा करायचा असे. एकदा फक्त सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते ते ऐका, एकदा श्वास कुठे घेतलाय ते. रागाचं नाव आता मोबाइल सांगतो, पण कान कुठे ठेवायचा हे तुमच्या मंगेशीच्या काकांनी सांगितलं होतं.

फोंड्याचा श्रोता: बंद केलं. भैरवीचा आज चौथा दिवस. मुली, आजींना ऐकवलेला राग कुठला, तेवढं कळव. यानंतर तोच लावतो.