ग्रुपवर टाकायचं की मशीनपाशी बोलायचं?

मायक्रॉन:
चाकणला एका मशीन शॉपमध्ये दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर आहे. मागच्या आठवड्यात ४६ पीस भंगारात गेले. बोअर (पीसमधलं भोक) ३२ एच७, म्हणजे ३२.०२५ मिमीच्या वर गेला की संपलं, रीवर्क नाही. पहिल्या पाळीत इन्सर्ट (टूलची बदलायची धार) झिजून बोअर बारीक यायला लागला, म्हणून ऑपरेटरने ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली टूलची भरपाई, चाळीस मायक्रॉन (०.०४ मिमी) वाढवला. लॉगबुकात नोंद नाही. आमच्या पोराने आल्या आल्या इन्सर्ट बदलला, ऑफसेट तसाच राहिला. नवी धार, वर चाळीस मायक्रॉन जादा.

मी गेजचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला: 'पहिली पाळी झोपली होती काय?' ग्रुपवर प्लँट हेडही आहेत. तिकडच्या सुपरवायझरचं दोन मिनिटांत उत्तर: 'फर्स्ट पीस कोणी तपासला?' त्यानंतर हँडओव्हरच, म्हणजे पाळी बदलताना काम समजावून देणंच, बंद. माझ्याकडे न बघता सरळ बसकडे.

परवा टपरीवर गाठलं त्याला. 'जाताना ऑफसेट किती दिलाय तेवढं सांगत जा,' एवढंच म्हणालो. झोपेचा विषय काढला नाही. तो म्हणाला, 'आणि तू पीस तपासूनच मशीन सोड.' काल पॅनेलवर मार्करने '+०.०४' लिहून गेला होता. माझं मत असं की आधी समोरासमोर बोला, तेही माणसावर न घसरता. लेखी वगैरे नंतर.

खडूस_क्यूसी:
साफ असहमत. टपरीवर ठरलेलं ऑडिटला दाखवता येत नाही. पुन्हा माल गेला की तो म्हणणार सांगितलं होतं, तुम्ही म्हणणार नाही सांगितलं. आणि मार्कर कूलंटच्या हाताने पुसला जातो, बघा एकदा. फोटो टाकलात ते बरोबरच केलंत, फक्त खालची ओळ नको होती. 'ऑफसेट +०.०४, नोंद नाही, ४६ पीस' असं लिहिलं असतं तर त्याला चिडायला जागाच नव्हती.

मायक्रॉन:
@खडूस, ओळीबद्दल मान्य. पण चार लोकांसमोर नुसता आकडा टाकला तरी माणूस आधी स्वतःला वाचवतो. कारण कोण सांगणार मग?

बसची_खिडकी:
तुम्ही दोघं भलतीकडेच भांडताय. पाळी साडेतीनला सुटते, बस तीन चाळीसला. त्यात हात धुवा, पंच करा. बोलायचं कधी? दोन पाळ्या पंधरा मिनिटं एकावर एक ठेवा, तेवढ्या वेळाचे पैसे द्या, निम्मी भांडणं होणारच नाहीत. ते परवडत नाही म्हणून मग 'संवाद कौशल्य' ट्रेनिंग. आमच्याकडे तर तेही रविवारी, वर केळं आणि समोसा.

नाक्यावरचा:
इन्सर्ट बदलणाऱ्या पोराचं काय झालं, ते कुणीच विचारत नाही. कंत्राटी असणार. दोन सुपरवायझर चहा पिऊन मोकळे झाले, छान.

मायक्रॉन:
हो, कंत्राटी आहे. त्याला मेमो मिळालाय. लिहायचं राहिलं.

जुना_प्रतिनिधी:
राहिलं?! असो. २० किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी, मालकाचे आणि कामगारांचे सदस्य सारखे. २०१० च्या दुरुस्तीने ते औद्योगिक विवाद कायद्यात आलं, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. लेखी अर्ज करायला सांगा त्याला. मी अशा समितीत बसलोय. टेबलावर कागद असला की आवाज आपोआप खाली येतात.

नाक्यावरचा:
काका, समिती कायम लोकांना. हा अर्ज करेल आणि संध्याकाळी ठेकेदाराचा फोन येईल, 'उद्यापासून येऊ नकोस.' मग कुठला मेमो आणि कुठली समिती.

जुना_प्रतिनिधी:
म्हणून तर सोबत कायम माणूस उभा राहायला हवा. एकट्याने जायचं नसतं.

मायक्रॉन:
उद्या प्लँट हेडना भेटून मेमो मागे घ्यायला सांगणार आहे. फर्स्ट पीस रिपोर्टवर सही माझी आहे. पीस न बघताच केली होती, पाळीच्या सुरुवातीला घाई असते.

खडूस_क्यूसी:
मग हे टाका ना ग्रुपवर.